बहात्तरपट लहान विमान

दुसरे महायुद्ध चालू असताना, १९४२ साली, अमेरिकेच्या नौदलाने तेथील शाळांतील विद्यार्थ्यांकडे एक मागणी केली. नौदलाला विमानांच्या ५ लाख लहान प्रतिकृती हव्या होत्या. त्या लाकडाच्या करायच्या, काळ्या रंगवायच्या, आणि प्रत्येक प्रतिकृती खऱ्या विमानाच्या बरोबर १/७२ मापाची असायला हवी. मुलांनी केलेली विमाने साच्यांशी ताडून पाहिली जात. नाक थोडे लांब झाले किंवा पंखाचा कोन चुकला, तर ते विमान परत जाई.

इतकी काटेकोर तपासणी कशासाठी? ही विमाने खेळण्यासाठी नव्हतीच. १/७२ मापाचे विमान ११ मीटरांवर धरले, की ते पाहणाऱ्याला सुमारे ८०० मीटरांवरील खऱ्या विमानासारखे दिसते. तोफेवर बसणाऱ्या सैनिकांना आपले विमान कोणते आणि शत्रूचे कोणते, हे आकारावरून क्षणात ओळखण्याचे शिक्षण या प्रतिकृतींवर दिले जाई. प्रतिकृतीत चूक राहिली, तर उद्या आपल्याच वैमानिकावर तोफ डागली जाण्याचा धोका होता.

आज तुम्हाला दुकानात प्लॅस्टिकच्या सुट्या भागांचा तयार संच मिळतो. भाग सुटे करायचे, चिकटवायचे, रंग द्यायचा, झाले विमान! पण शेजारी शेजारी ठेवलेल्या दोन मुलांच्या विमानांपैकी एक ‘खरे’ वाटते आणि दुसरे खेळणे वाटते, असे पुष्कळदा होते. दोघांचे भाग तेच, रंगही तेच. मग फरक कुठे पडतो? माझ्या मते तो हातातील कसबापेक्षा एका साध्या गुणाकारात असतो. तो गुणाकार आधी पाहू आणि मग कामाला लागू.

७२ हाच आकडा का?

फूट-इंचांच्या हिशेबात ६ फूट म्हणजे ७२ इंच. तेव्हा १/७२ मापात सहा फुटी माणूस बरोबर एक इंचाचा होतो. इंग्लंडमध्ये हे माप सोयीचे वाटले आणि रूढ झाले. १९५३ साली एअरफिक्स या इंग्रज कंपनीने स्पिटफायर या लढाऊ विमानाचा जो छोटा संच काढला, तोही याच मापाचा होता. आपण उदाहरणादाखल स्पिटफायरच घेऊ. खऱ्या विमानाच्या पंखांचा विस्तार ११.२३ मीटर होता. त्याला ७२ ने भागा. १५.६ सेंटिमीटर आले. म्हणजे तुमच्या कंपासपेटीतील पट्टीएवढे विमान.

लांबी ७२ पटींनी कमी झाली, तर क्षेत्रफळ किती पटींनी कमी होईल? ७२ × ७२ म्हणजे ५,१८४ पटींनी. खऱ्या पंखांचे २२.५ चौरस मीटर क्षेत्रफळ प्रतिकृतीत केवळ ४३ चौरस सेंटिमीटर उरते. आणि घनफळ? ७२ चा घन ३,७३,२४८. उड्डाणाच्या वेळी स्पिटफायरचे वजन सुमारे २,७०० किलो असे. या हिशेबाने प्रतिकृतीचे वजन जेमतेम ७ ग्रॅम भरायला हवे. तुमचे विमान तयार झाले की शाळेच्या प्रयोगशाळेतील तराजूत घालून पाहा. ते बहुधा जास्तच भरेल. कारण उघड आहे. खऱ्या विमानाचा पत्रा मिलिमीटरच्या आसपास जाड असतो. आपले प्लॅस्टिकही तेवढेच जाड असते, आणि ७२ पटींच्या जगात त्या जाडीची ७ सेंटिमीटरांची भिंत होते!

खरी गोम इथेच आहे. विमान ७२ पटींनी लहान होते, पण त्याच्या भोवतालचे जग लहान होत नाही. तुमचे केस तेवढेच जाड राहतात, धुळीचे कण तेवढेच राहतात, कुंचल्यातून उतरणारा रंगाचा थर तेवढाच राहतो आणि डिंकाचा थेंबही तेवढाच. डोक्याच्या केसाची जाडी साधारण ०.०७ मिलिमीटर धरा. ओल्या रंगात एक केस चिकटला, तर स्पिटफायरच्या पंखावर ५ मिलिमीटर जाडीची दोरी पडल्यासारखे दिसेल. तुमचा रंगाचा थर ०.०५ मिलिमीटरचा असेल, तर खऱ्या विमानावर साडेतीन मिलिमीटरांहून जाड गिलावा केल्यासारखा होईल. खऱ्या विमानाचा रंग मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या आसपास असतो. त्याला ७२ ने भागून तेवढाच पातळ थर आपण देऊ म्हटले, तर तो ०.००१४ मिलिमीटर यावा लागेल. एवढ्या थरातून खालचे प्लॅस्टिक दिसत राहील. तेव्हा रंगाच्या बाबतीत माप तंतोतंत पाळणे शक्यच नाही. पण त्या दिशेने जेवढे जाता येईल तेवढे जायचे, आणि पुढच्या जवळजवळ सगळ्या सूचना त्यासाठीच आहेत.

जोडण्यापूर्वी

संचातील भाग एका चौकटीला चिकटून येतात. पॉलिस्टायरीन हे प्लॅस्टिक तापवून पातळ करतात आणि मोठ्या दाबाने पोलादी साच्यात घुसवतात. ज्या वाटांनी ते आत शिरते, त्या वाटांतील प्लॅस्टिक थिजून ही चौकट बनते. भाग साच्यातून सहज सुटावा म्हणून काही वेळा साच्याला तेलकट पदार्थ लावतात आणि त्याचा अंश प्लॅस्टिकवर राहू शकतो. त्यात आपल्या बोटांच्या तेलकटपणाची भर पडते. तेलकट पृष्ठभागावर रंग नीट बसत नाही. म्हणून चौकट तशीच अखंड कोमट पाण्यात, भांड्यांच्या साबणाने, जुन्या दातांच्या ब्रशने धुऊन घ्या आणि सावलीत वाळवा. उकळते पाणी मात्र नको. पॉलिस्टायरीन १०० अंश सेल्सिअसच्या सुमारास मऊ पडते आणि पातळ भाग कायमचे वाकतात.

भाग हाताने पिळून तोडू नका. तसे केले की कडेचा तुकडा निघून खड्डा पडतो. नखे कापायच्या यंत्राने भागापासून थोडे अंतर ठेवून कापा आणि उरलेला खुंट कटरने व कानशीने साफ करा. कटर नेहमी बोटांपासून दूर जाईल असा चालवा. बोथट पाते धारदार पात्यापेक्षा जास्त घातक असते, कारण त्यावर जोर द्यावा लागतो आणि ते निसटते.

पंखाची मागची धार अवश्य पाहा. साच्यात ती फार पातळ करता येत नाही. अर्धा मिलिमीटर जाड धार म्हणजे खऱ्या पंखावर साडेतीन सेंटिमीटरांची बोथट फळी झाली. पंखाचे वरचे व खालचे असे दोन तुकडे असतील, तर चिकटवण्यापूर्वी त्यांची आतली बाजू पॉलिश पेपरवर घासा. बाहेरचे कोरीव काम शाबूत राहते आणि धार सुरेख पातळ होते. याला दहा मिनिटे लागतात, पण विमानाचे रूप पालटते.

चिकटवणे नव्हे, सांधणे

कागद डिंकाने चिकटतो तेव्हा डिंक मध्ये राहतो आणि दोन्ही कागदांना धरून ठेवतो. प्लॅस्टिकच्या प्रतिकृतींसाठी मिळणारे पातळ सिमेंट असे काही करत नाही. त्यात ब्यूटिल अॅसिटेटसारखा विद्रावक असतो, म्हणजे पॉलिस्टायरीन विरघळवणारा द्रव. पॉलिस्टायरीन हे बहुवारिक आहे. त्याचे रेणू म्हणजे हजारो दुव्यांच्या लांबलचक साखळ्या. एकमेकींत गुंतलेल्या शेवयांसारखे त्यांचे चित्र डोळ्यांपुढे आणा. विद्रावक पडला की दोन्ही कडांवरील शेवया सैल होतात. कडा एकमेकींवर दाबल्या की एकीकडच्या शेवया दुसरीकडे शिरून गुंततात. मग विद्रावक उडून जातो आणि दोन तुकड्यांचा एकच तुकडा उरतो. लोहार लोखंड सांधतो त्याच्याशी याचे नाते आहे, फक्त इथे भट्टी नसते.

एवढे कळले की बऱ्याच गोष्टी आपोआप कळतात. सांध्याच्या कडांवर रंग लागला असेल, तर तो आधी खरवडायला हवा, कारण विद्रावकाला उघडे प्लॅस्टिक हवे असते. धातू किंवा लाकूड या सिमेंटने जोडता येणार नाही. पॉलिथिनही नाही, कारण या विद्रावकात त्याच्या साखळ्या सुटत नाहीत. आणि जास्त सिमेंट लावले म्हणजे सांधा जास्त पक्का होतो, हा समज उलटा आहे. जास्त विद्रावकाने प्लॅस्टिक आतपर्यंत मऊ होते, सुरकुतते, आणि बोटाचा ठसा त्यावर कायमचा उमटतो.

योग्य रीत अशी. दोन्ही भाग कोरडेच जुळवून धरा. बारीक कुंचल्यावर सिमेंटचा एक थेंब घेऊन फटीच्या एका टोकाला टेकवा. केशाकर्षणाने द्रव स्वतःच फटीतून पुढे धावेल. हे पाहायलाही गंमत वाटते. फट जितकी अरुंद, तितका तो लांबवर जातो. म्हणून भाग चांगले घट्ट जुळलेले हवेत, आणि तुमचे बोट मात्र फटीवर नको, नाहीतर द्रव बोटाखालीही शिरेल. आता हलकेच दाबा. सांध्यातून मऊ प्लॅस्टिकची बारीक वळी बाहेर येईल. तिला पुसू नका. रबराच्या अंगठ्या किंवा कपड्यांचे चिमटे लावून विमान एक-दोन दिवस तसेच ठेवा. मग ती वळी कानशीने व पॉलिश पेपरने घासून टाका. ४०० नंबरचा पेपर, मग ६००, मग १०००, आणि तोही पाण्यात भिजवून. पाण्यामुळे कागद भुकटीने भरत नाही आणि भुकटी नाकातही जात नाही. धडावरची सांध्याची रेघ अशी नाहीशी करता आली, तर निम्मे काम फत्ते झाले समजा. खऱ्या विमानाच्या पाठीवर अशी खाच नसते.

फट राहिलीच, तर ती भरायला लुकण विकत आणायची गरज नाही. रिकाम्या चौकटीचे तुकडे काचेच्या लहान बाटलीत टाकून त्यावर थोडे सिमेंट ओता. दुसऱ्या दिवशी दाट लगदा तयार होतो. हे लुकण म्हणजे तेच प्लॅस्टिक असल्याने फटीत एकजीव होते.

एक इशारा इथेच देतो. सिमेंट आणि तेलरंगांचे विद्रावक पेट घेतात आणि त्यांची वाफ डोके चढवते. उघड्या खिडकीपाशी बसूनच काम करा, जवळ मेणबत्ती किंवा शेगडी नको, आणि बाटलीचे बूच काम होताच लावा.

नाक जड हवे

स्पिटफायरला पुढे दोन चाके व शेपटीखाली एक लहान चाक असते, त्यामुळे ते शेपटी टेकवून उभे राहते. पण १९६५ व १९७१ च्या युद्धांत आपल्या हवाई दलाने वापरलेले नॅट हे चिमुकले जेट विमान घ्या. त्याचे एक चाक नाकाखाली आणि दोन मागे. अशा विमानाची प्रतिकृती पुष्कळदा मागे कलंडून शेपटीवर बसते. खऱ्या विमानात यंत्रसामग्री अशी मांडलेली असते, की गुरुत्वमध्य मागच्या चाकांच्या पुढे पडतो. प्रतिकृती मात्र पोकळ असते. म्हणून धडाचे दोन भाग सांधण्यापूर्वी नाकात वजन बसवावे लागते. सगळे भाग चिकटपट्टीने तात्पुरते जोडा, मागच्या चाकांच्या जागी विमान पेन्सिलीवर तोलून पाहा आणि नाक खाली जाईपर्यंत वजन वाढवा. वजनासाठी लोखंडी नट चांगले. मासेमारीचे शिसे अनेक जण वापरतात, पण ते लाकडाच्या पांढऱ्या डिंकात बसवू नये. डिंकातील आम्लाने शिशावर हळूहळू पांढरा क्षार धरतो, तो फुगतो, आणि काही वर्षांनी विमानाचे नाक आतून फुटते.

रंग

पोस्टर कलर पाण्यात कालवून प्लॅस्टिकवर लावून पाहा. रंग पसरत नाही, थेंब थेंब होऊन बसतो, आणि वाळल्यावर नखाने निघतो. पाण्याला पॉलिस्टायरीन ‘ओले’ करता येत नाही. म्हणून प्रतिकृतींना एनॅमल म्हणजे तेलरंग किंवा ॲक्रिलिक रंग वापरतात. त्याआधी प्रायमरचा एक पातळ करडा हात दिला, तर रंग धरतो, आणि राहिलेले ओरखडे व फटीही उघड्या पडतात. त्या पुन्हा घासाव्यात. कंटाळा येतो खरा, पण चकाकणारे प्लॅस्टिक दोष लपवते आणि एकरंगी करडा हात ते दाखवतो.

आता आपला गुणाकार आठवा. बाटलीतील रंग दाट असतो. तो तसाच लावला, की कोरलेल्या रेघा बुजतात. एनॅमल टर्पेंटाइनने आणि ॲक्रिलिक पाण्याने पातळ करा, साधारण दुधाइतका. पहिल्या हातानंतर विमान अगदी ओंगळ दिसेल, पट्ट्यापट्ट्यांचे, अर्धवट झाकलेले. इथेच बहुतेकांचा धीर सुटतो आणि ते त्याच ओल्या रंगावर पुन्हा कुंचला फिरवतात. तसे करू नका. अर्धवट वाळलेला रंग कुंचल्याबरोबर ओढला जातो आणि त्याचे वळ उठतात. पूर्ण वाळू द्या, आणि दुसरा हात पहिल्याच्या काटकोनात द्या. तीन पातळ हात मिळूनही एका दाट हातापेक्षा कमी जाड होतात. एनॅमलला दोन हातांमध्ये एक दिवस द्यावा, पावसाळ्यात त्याहून अधिक. तेवढा वेळ विमानावर खोका पालथा घालून ठेवा. धुळीचा एक कणही इथे दगडाएवढा दिसतो!

आधी फिकट रंग, मग गडद. स्पिटफायरचे पोट १९४० साली फिकट हिरवट-निळे असे आणि पाठीवर गडद हिरवे व मातकट तपकिरी पट्टे असत, म्हणजे वरून पाहणाऱ्याला ते शेतजमिनीत मिसळून जाई. तेव्हा आधी पोट रंगवा, वाळल्यावर कडेला मास्किंग टेप लावा आणि मग पाठ. टेप आधी काचेवर एकदा चिकटवून काढली, की तिची चिकटण्याची शक्ती थोडी कमी होते आणि खालचा रंग उपटून येत नाही. चाके, प्रोपेलर वगैरे बारीक भाग चौकटीवर असतानाच रंगवावेत, किंवा खराट्याच्या काडीला टोचून.

रंगाची छटा खऱ्या विमानाच्या रंगपत्रिकेपेक्षा किंचित फिकट ठेवावी, असे जाणकार सांगतात. ३० सेंटिमीटरांवरून पाहिलेली प्रतिकृती म्हणजे २१ मीटरांवरून पाहिलेले विमान, आणि मधल्या हवेने रंग फिका दिसतो, असे कारण देतात. हे कारण मला पटत नाही. २१ मीटर हवेने रंगात दिसण्याजोगा फरक पडत नाही. पण सूचना चांगली आहे. खरे विमान उन्हात असते, आपले विमान कपाटात. शिवाय एकच रंग मोठ्या पृष्ठभागावर उजळ आणि लहान ठिपक्यात गडद भासतो. घराला रंग देताना नमुन्याच्या चिठ्ठीवरून रंग निवडणाऱ्यांना हा अनुभव येतोच.

तार, चिन्हे आणि छत

स्पिटफायरच्या पाठीवरच्या खांबापासून शेपटीपर्यंत रेडिओची बारीक तार असे. ती शिवणाच्या दोऱ्याची केली, तर पाव मिलिमीटर जाडीचा दोरा १८ मिलिमीटरांचा दोरखंड दिसेल. ही तार चौकटीच्या दांडीपासून ओढतात. हे काम घरातील मोठ्या माणसाबरोबरच करा आणि सिमेंटची बाटली दुसऱ्या खोलीत ठेवून. दांडीचा मधला भाग मेणबत्तीच्या ज्योतीच्या वर, ज्योतीला न टेकवता, फिरवत धरा. तो मऊ होऊन लवू लागला की ज्योतीपासून बाजूला घ्या आणि दोन्ही टोके सावकाश ओढा. केसासारखा तंतू निघतो. तो विमानाला लावून वाळू द्या. सैल वाटला, तर विझवलेल्या, नुसत्या धुमसणाऱ्या उदबत्तीचे टोक त्याच्याजवळ, न टेकवता, न्या. तार आपोआप ताठ होते! ओढताना शेवया सरळ ताणल्या गेल्या होत्या आणि तशाच थिजल्या होत्या. ऊब मिळताच त्या पुन्हा गुंडाळू पाहतात, म्हणून तंतू आखडतो. उदबत्ती जरा जास्त जवळ गेली की तो तुटतो, तेव्हा दोन-चार तंतू जादा काढून ठेवा.

चिन्हांचे कागद पाण्यात भिजवून सरकवायचे असतात. ते खरबरीत, निस्तेज रंगावर लावले, की खाली हवेचे सूक्ष्म बुडबुडे अडकतात. ते प्रकाश विखुरतात आणि चिन्हाभोवती रुपेरी कड दिसते. म्हणून आधी चकचकीत वार्निशचा एक हात, मग चिन्हे, आणि ती पक्की बसल्यावर सगळ्यावर निस्तेज वार्निश.

वैमानिकाच्या डोक्यावरचे पारदर्शक छत सर्वांत शेवटी, निस्तेज वार्निश वाळल्यानंतर बसवायचे. तेही पॉलिस्टायरीनचेच असते आणि सिमेंटचा एक शिंतोडाही त्याला आंधळे करतो. झटपट चिकटवणारे सायनोॲक्रिलेटही नको. त्याची वाफ काचेवर बसून पांढुरका थर धरतो आणि बोटांचे ठसे त्यात उठून दिसतात. इथे सुतारकामाचा पांढरा डिंक उत्तम. त्यात प्लॅस्टिक विरघळवणारे काही नसते, वाळल्यावर तो स्वच्छ पारदर्शक होतो, आणि कडेला जास्त आला तर ओल्या कुंचल्याने पुसता येतो.